चौदा खांबांचा हादगा

वारणापुरातले रस्त्यांवरचे दिवे हुशार केले ते मी. हे मी आपणहून सांगत सुटत नाही, पण कुणी विचारलं तर नाकारतही नाही. वैजयंती कुंभोजे, कनिष्ठ अभियंता, विद्युत विभाग, महानगरपालिका. दिवे लागले त्या संध्याकाळी महापौरांनी माझ्या हातात नारळ दिला होता. तेव्हा मला वाटलं होतं, आपल्या हातून एक काम तरी निर्दोष झालं.

आधी आमच्याकडे पिवळे सोडियमचे दिवे होते. त्यांचा खाक्या जुन्या सासऱ्यांचा. उठायला दहा मिनिटं, एकदा उठले की पूर्ण जोरात, आणि मधेच झोपवलं तर पुन्हा उठवायची तीच कटकट, कारण नळीतल्या सोडियमची वाफ व्हायला वेळ लागतो. एलईडीत वाफेची भानगड नाही. अर्धवाहकाच्या नखाएवढ्या तुकड्यात इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतो आणि उतरताना प्रकाश सोडतो. वीज कमी द्या, कमी इलेक्ट्रॉन उतरतील, उजेड तेवढाच कमी होईल, आणि हे सगळं पापणी लवायच्या आत. नुसते दिवे बदलल्यानेच निम्मी वीज वाचली. पण जो दिवा क्षणात कमी-जास्त होऊ शकतो, त्याला कधी कमी व्हायचं आणि कधी जास्त, हे कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारं डोकं आम्ही तयार केलं.

प्रत्येक खांबावर एक छोटं रडार बसवलं. हायवेवर पोलीस गाडीचा वेग मोजतात त्याच जातीचं. ते चेहरा बघत नाही, बाई की पुरुष ते ओळखत नाही, फक्त किती माणसं गेली ते मोजतं. शहराला रोज किती वीज वापरायची ते ठरलेलं. तेवढ्यात ज्या रस्त्यावर वर्दळ जास्त त्याला उजेड जास्त, जिथं वर्दळ नाही तिथं पंधरा टक्के, कुणी खांबाखाली आलं की तेवढ्यापुरता तो एकच दिवा मोठा. मागच्या चौदा दिवसांची मोजणी बघून डोकं रोज नव्याने वाटप करतं. शहराची एक्काहत्तर टक्के वीज वाचू लागली. लोक त्यांना ‘हुशार दिवे’ म्हणायला लागले.

आणि या यंत्राच्या नियमावलीत एक कलम होतं, कलम सात. कोणत्याही माणसाला, अगदी आयुक्तांनाही, हाताने एखाद्या रस्त्याचा उजेड वाढवता येणार नाही. ते कलम मी भांडून घालून घेतलं होतं. पूर्वी नगरसेवकाच्या दारात चार दिवे आणि झोपडपट्टीत एकही नाही, असा कारभार मी डोळ्यांनी पाहिला होता. यंत्राला ना जात ना पक्ष, असं मी भर सभेत म्हणाले होते आणि टाळ्या घेतल्या होत्या.

ऑगस्टमध्ये ताईने मला रात्रशाळेतून फोन केला.

माझी ताई, शैलजा आवटी, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. नववीतून शाळा सोडून तिने शिलाई मशीन धरली, म्हणून मी इंजिनिअर झाले. हे आमच्या घरात कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. आता एक्केचाळिसाव्या वर्षी ती दहावीला बसली होती. दिवसभर गणवेश शिवायच्या कारखान्यात, सहाला सुट्टी, साडेसातला शाळा. कारखाना ते शाळा हा रस्ता जुन्या सूतगिरणीच्या भिंतीकडेने जातो. साडेतीनशे मीटर, चौदा खांब, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला बंद गोदामं.

“वैजू, पटावर आम्ही छत्तीस जणी हाय. आज अकरा आल्या,” ताई म्हणाली. “ऑक्टोबरच्या सोळा तारखेला तपासणीला साहेब येणारैत. वीस जणी हजर दिसल्या न्हाईत तर वर्ग बंद. देशिंगकर सर डोकं धरून बसलेत.”

“का येत नाहीत?”

“तू ये एकदा. गल्लीतनं चालून बघ.”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला मी तिच्याबरोबर गेले. खांबाखाली पोचलो की डोक्यावरचा दिवा भक्कन मोठा व्हायचा. पुढचा खांब मात्र मंद, त्याच्या पुढचा त्याहून मंद. आम्ही उजेडाच्या गोलात आणि समोर नुसता काळोख. गोदामाच्या आडोशाला कुणीतरी खोकलं. माणूस होता की भास ते दिसलं नाही. मी पर्स छातीशी धरली आणि माझी मलाच लाज वाटली.

“कळलं?” ताई म्हणाली. “तुझा दिवा आम्हाला दाखवतो, आम्हाला काय दाखवत न्हाई.”

“ताई, इथं वर्दळच नाही. यंत्र आकड्यांवर चालतं.”

“वर्दळ हुती गं! दिवं पिवळं हुतं तवा छत्तीसजणी गप्पा मारत जात हुतो.”

मी ऑफिसात जाऊन पहिल्या दिवसापासूनची मोजणी उघडली. सूतगिरणी गल्लीत पहिल्या आठवड्यापासूनच जवळजवळ शून्य. हे कसं? मग तारीख पाहिली आणि कपाळावर हात मारला. पंधरा मे ते तीस मे.

आमच्याकडे रस्ता खणायचा तर पावसाळ्यापूर्वी. एक जूननंतर कुदळ मारायला परवानगी नाही. त्यामुळे महापालिकेतलं प्रत्येक काम मे महिन्यात धापा टाकत पुरं होतं, खांबांचंही तसंच झालं. खांब उभे राहिले तसं यंत्राला शिकवायला घेतलं. मे महिन्यात रात्रशाळेला सुट्टी असते. कारखान्यातल्या बायका लग्नसराईला गावी गेलेल्या असतात. यंत्राने रिकामं शहर पाहिलं आणि तेच खरं मानलं. जूनमध्ये बायका परतल्या तेव्हा गल्ली अंधारी होती. मग काहीजणी यायच्या थांबल्या, म्हणून ती आणखी अंधारली, म्हणून आणखी काहीजणी थांबल्या. तीन महिने माझं यंत्र स्वतःचीच चूक पुन्हा पुन्हा मोजत होतं आणि मी त्या आलेखाकडे बघून ‘स्थिर’ असा शेरा मारत होते. आलेल्यांना मोजणारं रडार माझ्याकडे होतं. यायचं होतं पण आल्या नाहीत, अशांना मोजायचं मला सुचलंच नव्हतं.

कार्यकारी अभियंता तोडकर साहेब भले माणूस. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

“कुंभोजे मॅडम, गल्ली उजळायची म्हणजे कलम सात मोडायचं. ते कुणी लिहिलं?”

“मी.”

“आज तुमच्या बहिणीसाठी मोडलं तर उद्या सत्तर नगरसेवक माझ्या दारात. नियम बदलायचा तर स्थायी समिती. समितीची पुढची बैठक नोव्हेंबरात.”

“तपासणी ऑक्टोबरात आहे, सर.”

“माहितीय. तुम्ही आत्ताच सांगितलंत.”

ते चुकीचं काही बोलत नव्हते, आणि मला रडू येत होतं ते त्याचंच. मी माझ्या प्रामाणिकपणाला बाहेरून कुलूप लावलं होतं आणि ताई आत अडकली होती.

त्या रविवारी ताईकडे जेवायला गेले तर दाजी गंभीर चेहऱ्याने बसलेले. श्रीकांत दाजी रिक्षा चालवतात. ताईवर जीव आहे त्यांचा, पण संध्याकाळचा धंदा सोडून रोज शाळेत सोडायला जाणं त्यांना परवडत नाही.

“वैजूताई, तुमीच समजवा हिला,” ते म्हणाले. “पुढल्या वर्षी परीक्षा द्यावी. अंधारातनं जायचं काय अडलंय? एवढी वर्षं न्हाई शिकली तर काय झालं?”

ताईने भाकरी तव्यावरून उतरवली, हात पुसले आणि म्हणाली, “एवढी वर्षं न्हाई शिकली म्हणूनच ह्या वर्षी जायाचंय. वर्ग एकदा बंद पडला की पुढल्या वर्षी कुठला? वैजू, तुझ्या मशीनला माणसं लागतात ना? किती लागतात ते सांग.”

मी जेवणाचं ताट बाजूला सारून कागद घेतला. नियम सरळ होता. रस्त्यातल्या प्रत्येक खांबाखालून संध्याकाळच्या एका तासात तीनशे वेळा माणूस गेलं, आणि असं सलग चौदा दिवस झालं, की तो रस्ता पुढच्या तीन महिन्यांसाठी ‘वर्दळीचा’ ठरतो आणि दिवेलागणीपासून रात्री दहापर्यंत त्याला पूर्ण उजेड मिळतो. एका बाईने गल्लीतून जाऊन परत यायला दहा मिनिटं धरली तर तासाला सहा फेऱ्या, प्रत्येक खांबाखालून बारा वेळा. म्हणजे पंचवीस बायका. रोज एक तास, चौदा दिवस, एकही खाडा न करता.

“नुसतं चालायला कोण येतंय?” दाजी म्हणाले.

“सणाला येतील,” ताई म्हणाली.

“सण चालत नाही,” मी म्हणाले. “गणपतीच्या मंडळांनी गर्दी जमवून उजेड पळवू नये म्हणून सणाचे दिवस यंत्र मोजणीत धरतच नाही. त्याला सणांची यादी दिलेली आहे.”

“यादी कुठनं आणलीस?”

“गणपतीचे दहा दिवस आणि बाकी सरकारी सुट्ट्यांचं पत्रक.”

ताई एकदम हसायला लागली. “हादग्याला कधी सुट्टी मिळालीय का गं सरकारी?”

मीही हसले, मग कॅलेंडर ओढलं. सूर्य हस्त नक्षत्रात शिरला की आमच्याकडे हादगा बसतो. पाटावर हत्तीचं चित्र मांडून बायका-मुली भोवती फेर धरतात. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं सोळा दिवस वाढत जातं, आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. सोळा दिवस! त्यातली गांधीजयंती आणि दसरा यंत्र धरणार नव्हतं. उरले बरोबर चौदा. एकही जास्तीचा नाही.

“पण फेर एका जागी असतो,” मी म्हणाले. “आपल्याला चौदाही खांब हवेत.”

“मग फेर लांबवू,” ताई म्हणाली.

कारखान्यातल्या बायकांना ताईने कसं पटवलं ते मला माहीत नाही. मी तोडकर साहेबांना लेखी कळवलं: कार्यालयीन वेळेनंतर मी सूतगिरणी गल्लीत हादगा खेळणार आहे, हेतू गल्ली वर्दळीची ठरवणे. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “हादगा खेळायला परवानगी लागते असं माझ्या वाचनात नाही.”

सत्तावीस सप्टेंबरला साडेसहाला गल्लीच्या मध्यावर पाट मांडला. चाळीसजणी जमल्या. फेर भिंतीच्या कडेने शाळेपर्यंत गेला, वळला, गोदामांच्या कडेने कारखान्यापर्यंत आला आणि पुन्हा वळला. साडेतीनशे मीटर लांब फेर मी जन्मात पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी गाणं एकच. ते तासभर पुरेना, म्हणून तेच तेच म्हणून घसे बसले. पुढच्या टोकाचं कडवं मागच्या टोकाला ऐकू जायचं नाही, तर मागच्या बायका आपलंच दुसरं सुरू करायच्या. फेरभर खांब एकापाठोपाठ पेटत जायचे. खिरापत होती खोबऱ्याची वडी आणि ती कुणीच ओळखली नाही.

चौथ्या दिवशी तीस, सातव्या दिवशी अठ्ठावीस. मी रोज रात्री घरी आकडे बघायची आणि ताईला फोन करायची. नवव्या दिवशी कमीत कमी आकडा तीनशे चार आला, तेव्हा मला झोप लागली नाही.

अकराव्या दिवशी हस्ताचा पाऊस कोसळला. आमच्याकडे म्हणतात तसा, हत्तीच्या सोंडेने ओतल्यासारखा. साडेसहाला गल्लीत मी, ताई आणि आणखी सतराजणी. पाटावरचा हत्ती केव्हाच वाहून गेला होता.

“एकोणीस,” मी म्हणाले. “सहा फेऱ्यांनी होणार नाही. आठ लागतील.”

“मग आठ मारू. पदर खोचा गं!”

रडारला पावसाचं काही नसतं, पण आम्हाला होतं. पावलापावलाला चिखल, डोळ्यांत पाणी, चपला हातात. सुमनमावशी, साठीच्या, तिसऱ्या फेरीत दम लागून भिंतीला टेकल्या, आणि पुन्हा निघाल्या. चौथी फेरी संपली तेव्हा मी घड्याळ पाहिलं. पस्तीस मिनिटं झाली होती. जमत नव्हतं.

तेवढ्यात दाजींची रिक्षा आली. ते छत्री घेऊन ताईला न्यायला आले होते. “शैला, न्युमोनिया करून घेणार हैस काय? चल घरी!”

ताई थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, “तुमी चला. मशीनला बाईमाणूस कळत न्हाई, तुमी पण चालताय.”

दाजींनी छत्री मिटली, रिक्षात टाकली आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फेरात शिरले. बायकांनी असा गलका केला की पाऊस ऐकू येईना. दाजींची चाल लांब टांगांची. त्यांच्यामागे सगळा फेर पळायलाच लागला. साडेसातला मी भिंतीशी बसकण मारली. रात्री आकडा पाहिला. चौदाव्या खांबाखाली तीनशे दोन.

सोळाव्या दिवशी हादगा बोळवला. तेरा ऑक्टोबरला दिवेलागणीला आम्ही गल्लीच्या तोंडाशी उभ्या होतो. सहा वाजून दहा मिनिटांनी चौदाही खांब एकदम लागले, पूर्ण, शेवटपर्यंत. गोदामाच्या दाराचा आडोसा दिसला, त्यात एक म्हातारा वॉचमन बसला होता आणि तो बिचारा आमच्याकडे बघून दचकला. ताईने दप्तर खांद्याला लावलं आणि चालायला लागली. सोळा तारखेला साहेबांनी हजेरी घेतली. सव्वीस.

इथे थांबायला मला आवडलं असतं.

अठरा तारखेला दोन गोष्टी झाल्या. दिवे सांभाळणाऱ्या कंपनीने तक्रार केली होती की सूतगिरणी गल्लीतली गर्दी ‘मानवनिर्मित’ आहे, आणि त्यावरून मला कारणे दाखवा नोटीस आली. गर्दी माणसांनी केलेली नसते तर कुणी केलेली असते, हे मला आजही कळलेलं नाही. दुसरी गोष्ट नकाशावर दिसली. एकूण वीज ठरलेली. आमच्या गल्लीला वाढलेला उजेड यंत्राने कुठून तरी आणला होता. नदीकडची कुंभारवाट चाळीस टक्क्यांवरून पंधरावर आली होती.

मी ते ताईपासून लपवणार होते. पुढे ती परीक्षा पास झाली की सांगू, असं मनाशी ठरवलंही. पण संध्याकाळी ती पेढे घेऊन आली आणि मला तिच्या डोळ्याला डोळा देता येईना. मी नकाशा दाखवला.

तिने कुंभारवाटेवर बोट ठेवलं. “तिकडं कोण चालतं?”

“यंत्राच्या हिशोबाने फारसं कुणी नाही.”

“मशीनला न्हाई, तुला विचारलं.”

“माहीत नाही, ताई.”

त्या रात्री मी नोटिशीचं उत्तर लिहिलं. होय, गर्दी आम्ही केली. चूक यंत्राची नसून नियमाची आहे आणि तो नियम माझा आहे. वर्दळ असो वा नसो, प्रत्येक रस्त्याला दिवेलागणीपासून दहापर्यंत रस्ता दिसेल एवढा किमान उजेड हवा आणि तो मोजणीवर ठरू नये. बचत एक्काहत्तरवरून अठ्ठावन्न टक्क्यांवर येईल. माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी, पण हा प्रस्ताव समितीपुढे ठेवावा. तोडकर साहेबांनी वाचून खाली स्वतःची सही केली. मी मागितली नव्हती. शिफारस म्हणून केली.

“बैठक चोवीस नोव्हेंबरला,” मी ताईला सांगितलं.

“तवर कुंभारवाट काळी ठेवायची?”

“हादगा तर संपला.”

“चालायला हादगाच कशाला पाहिजे?”

दुसऱ्या दिवशी साडेसहाला आम्ही सत्तावीसजणी कुंभारवाटेच्या तोंडाशी होतो. शाळा साडेसातला, तोवर तास होता. दाजी नदीच्या टोकाला रिक्षा लावून उभे होते आणि मी अजून निलंबित झाले नव्हते. गाणं नव्हतं, फेर नव्हता. आम्ही चालायला लागलो. आमच्या डोक्यावर खांब एकेक करून मोठे होत गेले.

पाचव्या खांबाशी एका घराचं दार किलकिलं झालं. माझ्या वयाची एक बाई, हातात डबा.

“कुठं निघालाय एवढ्या जणी?”

“तुला कुठं जायाचं हुतं?” ताईने विचारलं.

“सासूबाई दवाखान्यात हैत. डबा द्यायचा हुता. पण सहा दिवस झालं, नवरा कामावरनं येईपतोर मी निघतच न्हाई. अंधार असतोय.”

“मग चल की. आमी बी तिकडंच चाललोय.”

ती म्हणाली, “थांबा हं, चपला घालून येते,” आणि आत पळाली.

हे रडार हललेलं तेवढंच पकडतं. उभं राहिलेलं माणूस त्याच्या लेखी नसतंच. आम्ही दारात उभ्या राहिलो तसा डोक्यावरचा दिवा हळूहळू उतरायला लागला. तासाचा हिशोब चुकणार हे मला दिसत होतं, सगळ्यांनाच दिसत होतं. कुणी हललं नाही. अंधारात सत्तावीसजणी तिची वाट बघत उभ्या राहिलो.